अंधार आणि काळा रंग

२००७ सालची गोष्ट. आमच्या शहरातल्या सिडको भागात एका मित्राच्या घरी महिन्यातून एकदा आम्ही पंचवीस-तीस जण जमायचो, एक चित्रपट पाहायचो आणि मग त्यावर बोलायचो. त्या महिन्याचा विषय मी सुचवला होता: उसन्या कथा. दाखवायचा होता 'जिस्म'.

त्याची वंशावळ मला पाठ होती. जेम्स केनची कादंबरिका, तिच्यावरचा बिली वाइल्डरचा १९४४ चा 'डबल इन्डेम्निटी', त्याच्या सावलीत लॉरेन्स कॅस्डननं १९८१ साली केलेला 'बॉडी हीट' आणि त्यावरून जानेवारी २००३ मध्ये आलेला आपला 'जिस्म'. श्रीमंत नवरा, त्याची बायको, तिच्या पायी वाहवत गेलेला वकील आणि खून. फ्लोरिडाच्या उकाड्याऐवजी पाँडिचेरीचा समुद्र, विल्यम हर्टच्या जागी जॉन अब्राहम, कॅथलीन टर्नरच्या जागी बिपाशा बासू.

डिस्क पैठण गेटजवळ घेतली. एकाच डिस्कवर तीन सिनेमे होते, त्यामुळे स्वस्त पडली. वेष्टणावर 'अनकट' असं ठळक छापलेलं. कोणी छापलं, कुणाच्या परवानगीनं, हे मी पाहिलंच नाही.

रात्रीची दृश्यं सुरू झाली आणि चित्र विरघळायला लागलं. नायिकेचे केस आणि मागची भिंत यांतला फरक दिसेना. गालावरच्या सावलीत चौकोनी ठोकळे हलत होते. रात्रीचा समुद्र म्हणजे नुसता डांबराचा पट्टा. नीट दिसत होती ती फक्त भरपूर उजेडात घेतलेली शरीरं. दोन बायका मध्यंतरालाच उठून गेल्या. नंतर मी अर्धा तास बोललो: कथा चोरलेली, छायाचित्रण गढूळ, मागे उरतं ते फक्त अंगप्रदर्शन. तेच मग आमच्या छोट्या अंकात लिहिलंही.

अंक वाचून एक म्हातारे गृहस्थ मला शोधत आले. शहरातल्या एका जुन्या टॉकीजमध्ये त्यांनी आयुष्यभर प्रोजेक्टर चालवला होता. 'जिस्म'ची रिळं त्यांनी रोज चार खेळ ओढली होती. शांतपणे म्हणाले, "अंधेरा देखे नहीं साब तुम, काला रंग देखे."

ते वाक्य मला फार लागलं, कारण ते खरं होतं. ज्या चित्रपटाची कथा उसनी असते, त्याचं स्वतःचं असं काय असतं? प्रकाश, चेहरे, आवाज, दोन वाक्यांमधली शांतता. कामुक थरारपटात तर संशय राहतो तोच मुळी सावलीत: ती खरं बोलतेय की नाही, हे अर्ध्या उजळलेल्या चेहऱ्यावर वाचायचं असतं. खराब डिस्क नेमकी हीच मालमत्ता खाते आणि उसनी कथा तेवढी शाबूत ठेवते. मग आपण चित्रपटाला चोर म्हणतो. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या चित्रासमोरही डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावं लागतं. स्वस्त छापील चित्रावरून त्याच्याबद्दल मत देणाऱ्याला आपण शहाणा म्हणू का?

नंतर मी हिशेब मांडला. साध्या एकथरी डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतात. त्यात सव्वादोन तासांचा एक सिनेमा बसवला तर सेकंदाला साधारण ४६ लाख बिट मिळतात. तीन कोंबले तर जेमतेम १५ लाख. जुन्या व्हीसीडीवर चित्राला साडेअकरा लाख मिळत, म्हणजे मी डीव्हीडीच्या वेष्टणात व्हीसीडीच्या आसपासचंच काहीतरी विकत घेतलं होतं. जागा कमी पडली की संकुचन आधी काळोखातले बारीक फरक टाकून देतं. ठोकळे तिथूनच येतात.

म्हणून आता डिस्क घेण्याबद्दल कुणी विचारलं तर मी पहिल्यांदा वेष्टण उलटवायला सांगतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२-अ नुसार व्हिडिओ फिल्मवर सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत, ती तयार करणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना घेतल्याची घोषणा आणि हक्कधारकाचं नाव-पत्ता असायलाच हवा. हे नसेल तर 'अनकट' या शब्दाला काहीही अर्थ नाही.

लांबी तपासायची युक्ती त्या ऑपरेटरकाकांनी शिकवली. रिळांच्या काळातल्या चित्रपटाच्या सुरुवातीच्या प्रमाणपत्रावर लांबी मीटरमध्ये असायची. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला सुमारे २७.४ मीटर धावते. भागाकार करा, मिनिटं निघतात. फक्त एक सांभाळा: पाल पद्धतीच्या डिस्कवर बऱ्याचदा २४ चौकटींचा सेकंद २५ च्या वेगानं पळवलेला असतो. सव्वादोन तासांचा सिनेमा मग पाच-साडेपाच मिनिटं आधीच संपतो. ती कात्री नव्हे. मात्र त्यात आवाजही किंचित चढतो, आणि श्रेया घोषालला फिल्मफेअर मिळवून देणारं 'जिस्म'मधलं 'जादू है नशा है' अशा डिस्कवर ऐकणं म्हणजे ते न ऐकण्यासारखंच.

रुंद पडद्याचा चित्रपट असेल तर डिस्क अ‍ॅनामॉर्फिक, म्हणजे चित्र आडवं दाबून साठवलेली आणि दाखवताना पुन्हा ताणली जाणारी, आहे का, हे बघा. २.३५ प्रमाणाचं चित्र जुन्या चौकोनी चौकटीत काळ्या पट्ट्यांसह बसवलं तर ५७६ पैकी सव्वातीनशेच्या आसपासच रेषा चित्राला मिळतात. अ‍ॅनामॉर्फिकमध्ये सव्वाचारशेच्या पुढे. टीव्हीवरची 'व्हिव्हिड' सेटिंग बंद करा, खोलीतला दिवा मालवा. मोबाइलवर पाहत असाल तर डेटा वाचवण्याचा पर्यायही बंद करा, कारण बिट कमी पडण्याचं दुखणं तेच आहे. आणि काहीही लिहिण्याआधी एक रात्रीचं दृश्य थांबवून केस आणि भिंत वेगळी दिसतात का, ते पाहा.

दोन वर्षांनी मुंबईहून त्या एकाच सिनेमाची डिस्क मागवली आणि त्याच खोलीत 'जिस्म' पुन्हा लावला. उठून गेलेल्या दोघींना मी स्वतः जाऊन बोलावलं, एक आल्या. चित्रपट मला महान वाटला नाही, पटकथा काही ठिकाणी अजूनही उसनी आणि सैलच वाटते. पण बिपाशाच्या डोळ्यांत एका क्षणी जो हिशेब चमकून जातो, तो पहिल्या वेळी मी पाहिलाच नव्हता. पुढच्या अंकात तसं लिहिलं, आधीचा लेख चुकीच्या डिस्कवरून लिहिला होता हेही लिहिलं.

ऑपरेटरकाका मागच्या भिंतीला टेकून उभेच होते. रात्रीचा समुद्र आला तेव्हा लाटांच्या कडा वेगवेगळ्या दिसल्या. ते हळूच पुढे आले आणि खुर्चीवर बसले.