फेलूदाची पहिली केस

या पानासाठी आवडत्या लेखकावर लिही, पण नुसतं ‘मला आवडतो’ असं नको, थोडा अभ्यास करून लिही, असं सरांनी मला सांगितलं. (आपल्या शाळेत मराठी हा विषय नाही. हे पान गणिताचे सर बघतात, तेही हौसेनं. त्यामुळे अभ्यास म्हणजे पायऱ्या दाखवून, हे ओघानं आलंच.) मी सत्यजित राय निवडले. मोठ्या माणसांना ते सिनेमे काढणारे म्हणून माहीत आहेत. मी त्यांचा एकच सिनेमा पाहिला आहे, ‘सोनार केल्ला’, तोही खालच्या ओळी वाचत. मला ते माहीत आहेत फेलूदाचे लेखक म्हणून.

फेलूदा माझ्याकडे आला तो एमआय रूममध्ये. गेल्या पावसाळ्यात मला तापामुळे चार दिवस तिथे ठेवलं होतं. शेजारच्या पलंगावरच्या मित्राचं घर कोलकात्याला आहे. त्यानं उशाशी एक इंग्रजी पुस्तक ठेवलं आणि म्हणाला, ‘होम्स वाचून झाला ना? आता हा बघ.’ पुस्तकात चित्रं होती, म्हणून मला ते लहान मुलांचं वाटलं आणि पहिला दिवस मी ते उघडलंच नाही. पुढे सुट्टीत घरी गेल्यावर बाबांनी अशोक जैन यांनी केलेले मराठी अनुवाद आणून दिले. आता आमच्या घरी माझी धाकटी बहीणही ते वाचते. तिची एक तक्रार आहे, की या गोष्टींत मुली जवळजवळ नाहीतच. तक्रार खरी आहे, माझ्याकडे उत्तर नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फेलूदा म्हणजे प्रदोष मित्तर, वय सत्तावीस, राहणार कोलकाता. त्याच्याकडे कोल्ट रिव्हॉल्व्हर असतं, पण ते तो फार कमी वेळा काढतो. गोष्ट सांगतो त्याचा चुलतभाऊ तोपशे, जो पहिल्या गोष्टीत आपल्या आठवी-नववीतल्या पोरांएवढा आहे. आपला फास्टर फेणे आधी धावतो आणि मग विचार करतो. फेलूदाचं नेमकं उलटं आहे. मला दोघंही आवडतात, पण परीक्षेच्या आदल्या रात्री फेलूदाच कामाला येतो.

आता लेखकाबद्दल. राय यांचा जन्म 2 मे 1921 चा. त्यांच्या घरात छापखाना होता. आजोबा उपेंद्रकिशोर यांनी 1913 साली मुलांसाठी ‘संदेश’ नावाचं मासिक काढलं. पुढे ते वडील सुकुमार राय चालवत. सुकुमार 1923 मध्ये वारले तेव्हा सत्यजित जेमतेम अडीच वर्षांचे होते. मग छापखाना गेला, घर गेलं, मासिकही बंद पडलं. वडिलांची ओळख त्यांना झाली ती मुख्यतः वडिलांनी लिहिलेल्या पुस्तकांतून. हे वाचल्यावर मी थोडा वेळ थांबलो होतो. होस्टेलवर राहणाऱ्यांना बाबा पत्रातून आणि फोनवरूनच भेटतात, पण निदान भेटतात तरी.

शाळा सुटायच्या आत त्यांनी शेरलॉक होम्सच्या सगळ्या गोष्टी वाचून काढल्या होत्या. म्हणून फेलूदाही होम्सला गुरू मानतो आणि एका गोष्टीत तर लंडनला जाऊन बेकर स्ट्रीटवर उभा राहतो. पण होम्स वाचला की लगेच रहस्यकथा लिहिली, असं मात्र झालं नाही. मध्ये ते शांतिनिकेतनात चित्रकला शिकले, जाहिरात कंपनीत चित्रकार म्हणून नोकरी केली, पुस्तकांची मुखपृष्ठं केली, अक्षरांचे नवे ठसे तयार केले, सिनेमे काढले. 1961 मध्ये, चाळिसाव्या वर्षी, कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्याबरोबर त्यांनी ‘संदेश’ पुन्हा सुरू केलं. मासिक काढलं म्हणजे पानं भरायला हवीत, म्हणून ते मुलांसाठी लिहायला लागले. (आपल्या मासिकाच्या संपादक मंडळाला हे कारण नीट समजेल.) फेलूदाची पहिली गोष्ट त्यात 1965 च्या अखेरीस सुरू झाली, तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे होते. चित्रंही त्यांचीच. ती गोष्ट इतकी आवडली की पुढे ‘देश’च्या पूजा अंकासाठी, म्हणजे आपल्या दिवाळी अंकासारख्या अंकासाठी, जवळजवळ दर वर्षी नवी फेलूदा कादंबरी मागितली जाऊ लागली. 1992 मध्ये ते गेले तोपर्यंत पस्तीस गोष्टी पूर्ण झाल्या होत्या.

ते लिहायचे लाल कापडी बांधणीच्या वह्यांत, दुकानदारांच्या हिशेबाच्या चोपड्या असतात ना, तशा. सिनेमाची पटकथा, पात्रांचे कपडे, सेटची चित्रं, सगळं त्यांतच. पाहिलेली जागा ते वाया जाऊ देत नसत. दार्जिलिंगला त्यांनी आधी सिनेमा केला, नंतर फेलूदाची पहिली गोष्ट तिथेच घडवली. जैसलमेरला ‘गुपी गाइन बाघा बाइन’चं चित्रीकरण केलं, मग 1971 मध्ये तिथल्या किल्ल्यावर ‘सोनार केल्ला’ लिहिली. विद्यार्थी असताना ते वेरूळ बघून गेले होते. पुष्कळ वर्षांनी फेलूदा मूर्तिचोरांच्या मागावर कैलास लेण्यात पोचला. मी वेरूळला सहलीला जाऊन आलो आहे आणि मला त्यातलं आठवतं ते फक्त माकडांनी आमचा डबा पळवला ते.

फेलूदाकडेही वही असते. त्यात तो इंग्रजी शब्द ग्रीक अक्षरांत लिहितो, म्हणजे दुसऱ्या कुणाला वाचता येऊ नयेत. मी प्रेपमध्ये हा प्रयोग केला. भौतिकशास्त्रामुळे अल्फा, बीटा, थीटा येत होतेच. पण दोन दिवसांनी माझं मलाच वाचता येईना.

‘सोनार केल्ला’त आगगाडीत जटायू भेटतात. खरं नाव लालमोहन गांगुली. तेही रहस्यकथाच लिहितात, पुस्तकं धडाक्यानं खपतात, पण चुका भरपूर असतात. उंटाच्या शरीरात पाणी कुठे साठतं हे त्यांनी चुकीचं लिहिलेलं असतं आणि फेलूदाला ते सुधारावं लागतं. उंटाच्या मदारीत चरबी असते, पाणी नसतं. मग फेलूदा त्यांच्या पुस्तकातल्या चुका तपासून द्यायला लागतो. मला वाटतं, राय इथे स्वतःच्याच धंद्याची थट्टा करतात आणि शिकवतातही. मी सहावीत एक रहस्यकथा लिहिली होती. त्यात चोर निघाला होता मेसमधला वाढपी. का? काहीच कारण नव्हतं. तो मला वाढताना कमी भाजी घालायचा, एवढंच. माझ्या गोष्टीत पुरावा नव्हता, फक्त राग होता.

आता अवघड पायरी. ‘संदेश’ मुलांचं मासिक, त्यामुळे राय यांना मोठ्यांच्या रहस्यकथेतली निम्मी कारणं वापरताच येईनात. प्रेमप्रकरणं नाहीत आणि मारामारी अगदी बेताची. पुढे मोठी माणसंही ‘देश’मध्ये वाचायला लागली तरी त्यांनी हे पथ्य सोडलं नाही. मग गुन्हा करायला माणसाला कारण काय द्यायचं? त्यांनी मुलांना माहीत असलेली कारणं दिली. कुणाला दुसऱ्याकडची दुर्मिळ वस्तू हवी असते, कुणाला गुप्तधन. आणि पहिल्या गोष्टीत तर त्याहून लहान कारण आहे. माझं म्हणणं असं, की या अडचणीमुळेच त्या गोष्टी आपल्याला लागतात. खून आपल्यातल्या कुणी केलेला नसतो. बाकीचं थोडंफार प्रत्येकानं केलेलं असतं.

(ज्यांना ती गोष्ट वाचायची आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा.)

दार्जिलिंगला राजेनबाबू नावाच्या सज्जन म्हाताऱ्या गृहस्थांना निनावी चिठ्ठी येते. छापील शब्द कापून चिकटवलेली. केलेल्या अन्यायाची शिक्षा भोगायला तयार हो, असं त्यात असतं. कुठला अन्याय, ते नाही. शब्द कुठल्या छपाईतून कापले असतील हे फेलूदा अक्षरांच्या वळणावरून शोधू बघतो. छापखान्याच्या घरातला आणि अक्षरांचे ठसे करणारा लेखक इथे लगेच ओळखू येतो. संशय घ्यायला तीन-चार माणसं आहेत. शेवटी कळतं की चिठ्ठी त्यांच्याच घरातल्या भाडेकरूनं पाठवली. तो टोपणनावानं रहस्यकथा लिहिणारा लेखक असतो आणि राजेनबाबूंचा शाळासोबती. शाळेच्या स्पर्धेत धावण्याच्या शर्यतीत राजेननं त्याला पाय घालून पाडलेलं असतं. मधे आयुष्य निघून गेलं. घरात लावलेला लहानपणचा फोटो पाहून त्यानं ओळखलं आणि मग जरा घाबरवलं, बस्स.

मित्र म्हणाला होता, शेवट हसवणारा आहे. मला हसू आलं नाही.

गेल्या वर्षीच्या इंटर हाऊस क्रॉस कंट्रीत कालव्याच्या बांधावर वाट अरुंद होते, ती जागा सगळ्यांना माहीत आहे. तिथे माझ्या पुढे दुसऱ्या हाऊसचा एक मुलगा होता. मला पुढे जायचं होतं. मी कोपर मारलं. तो खाली चिखलात गेला, गुडघा फुटला. मी अकरावा आलो आणि हाऊसला पॉइंट मिळाले. तो पाय घसरला असं म्हणाला, आणि मीही हळूहळू तसंच धरून चाललो. वर्षभर मला ते आठवलंसुद्धा नाही. एमआय रूममध्ये आठवलं, कारण त्याच्या गुडघ्याची पट्टी बदलायला तो त्याच खोलीत यायचा.

हा लेख हाऊस मास्टर छापण्याआधी वाचणार, म्हणून मी आधीच जाऊन त्यांना सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. यंदाच्या संघात माझं नाव नाही. पॉइंटांचं काय करायचं ते शाळा ठरवेल.

त्यानंतर मी त्या मुलाला गेम्सनंतर गाठलं आणि सांगितलं. तो बुटाची नाडी सोडत होता. वर न बघता हिंदीत म्हणाला, ‘कोपर तुझंच होतं, मला माहीत आहे.’

‘मग तेव्हा बोलला का नाहीस?’

‘पुरावा नव्हता.’

मग त्यानं विचारलं, आताच कसं काय आठवलं? मी पुस्तकाबद्दल सांगितलं. त्यानं ते मागून नेलं. तीन आठवडे झाले, अजून परत केलेलं नाही. लायब्ररीतला उशिराचा दंड माझ्या नावावर चढतो आहे, आणि मी अजून त्याला काही बोललेलो नाही.