रक्त माझं, रिपोर्ट सुपरवायझरकडे

डेपोत कंपनीने आरोग्य शिबिर लावलं तेव्हा डोळे, बीपी आणि शुगर तपासणार असं सांगितलं होतं. एचआयव्हीचं नाव कुणी काढलं नाही, माझी संमती घेतली नाही. एचआयव्ही पॉझिटिव्हचा रिपोर्ट मात्र माझ्याआधी सुपरवायझरच्या टेबलावर पोचला. त्याने सगळ्या ड्रायव्हर-कंडक्टरांसमोर विचारलं, "कुठे कुठे जाऊन आलास रे?" हा माणूस रोज माझ्या डब्यातली भाजी खायचा. त्या दिवशी त्याने माझ्या हातातली लॉगशीटसुद्धा घेतली नाही, टेबलावर ठेवायला लावली. दुसऱ्या दिवशी माझी गाडी दुसऱ्याच्या नावावर लागली होती.

मी मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयाच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात गेलो. समुपदेशक ताईंनी आधी नीट समजावलं, संमती घेतली, मग रक्त घेतलं. एका किटवरून कुणाला पॉझिटिव्ह ठरवत नाहीत, तीन वेगवेगळ्या चाचण्या कराव्या लागतात, हे मला तिथे कळलं. शिबिरवाल्यांनी एकीवरच माझा निकाल लावला होता. माझ्या तिन्ही पॉझिटिव्ह आल्या, पण म्हणून त्यांनी केलं ते बरोबर ठरत नाही. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने संमतीशिवाय तपासणी, परवानगीशिवाय बोभाटा आणि निव्वळ या कारणावरून कामावरून काढणं, तिन्हींना मनाई आहे. हे मी कंपनीला लेखी दिल्यावर ड्युटी परत मिळाली. माफी कुणी मागितली नाही.

रात्रपाळी, गावाकडे राहिलेलं घर, टर्मिनसवरची दारू, हे आपल्या लाइनमध्ये कुणाला सांगायला नको. पण निरोध गाडीच्या केबिनमध्ये किंवा पाकिटात ठेवू नका. उष्णतेने आणि घासून तो खराब होतो, ऐनवेळी फाटतो. त्यावर खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन तर कधीच नको. फाटलाच, तर 72 तासांच्या आत डॉक्टर गाठा. एचआयव्हीची लागण टाळायला 28 दिवसांची गोळ्यांची पीईपी असते, जितकी लवकर सुरू होईल तितकी चांगली. जांघेत गाठ आली, लघवीच्या जागी फोड किंवा पू आला, तर स्टँडमागच्या 'गुप्तरोग' पाटीवाल्याचं इंजेक्शन घेऊ नका. अशा फोडांतून एचआयव्हीला वाट मिळते. सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये जा. धोका झाल्यावर लगेच केलेली एचआयव्ही तपासणी निगेटिव्ह आली तरी निर्धास्त होऊ नका, तीन महिन्यांनी पुन्हा करा. बायकोला अंधारात ठेवू नका.

एचआयव्हीवरच्या एआरटीच्या गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात. त्या न चुकवता घेतल्या आणि रक्तातला विषाणू चाचणीत न सापडण्याइतका खाली राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. माझा सापडत नाही. मग डेपोत ज्यांनी माझा ग्लास वेगळा ठेवला, त्यांना कसली भीती होती? एका ग्लासातून हा आजार मुळात कधीच पसरत नाही.

शंभर किंवा जास्त माणसं कामाला असतील, तर त्या ठिकाणी तक्रार अधिकारी नेमणं याच एचआयव्ही कायद्याने बंधनकारक आहे. तुमच्या डेपोत तो कोण आहे, हे आजच ऑफिसात जाऊन विचारा. उत्तर मिळालं नाही, तर 1097 वर फोन करा. तो फुकट लागतो.