जागलीचा कुत्रा : पिल्लू एकट्याने राखण करायला कसे शिकते

जागलीच्या, म्हणजे रात्री शेत राखणाऱ्या, कुत्र्याचे काम भुंकून खबर देण्याचे असते, जनावर धरण्याचे नव्हे. हिंगणा तालुक्यात रात्री रानडुकरे आणि रोही (नीलगाय) तुरीत, हरभऱ्यात, संत्र्याच्या बगीच्यात उतरतात. माळ्यावरच्या माणसाला काही कळेपर्यंत अर्धा तास निघून गेलेला असतो. म्हणून मालकाच्या तोंडाकडे न पाहता स्वतःच ठरवणारा कुत्रा लागतो.

मात्र त्याचे काम धुऱ्यावर संपते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत मारणे येतेच, शिवाय पाठलाग करणे आणि हाकत नेणेही येते. रानडुक्कर आणि रोही दोन्ही संरक्षित आहेत. कुत्रा रानात त्यांच्या मागे लावणे हा गुन्हा ठरू शकतो.

पिल्लू जागलीत पक्क्या असलेल्या कुत्रीचे घ्यावे. तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत त्याच्या कानावर जे पडते, त्याला ते पुढे सहसा बिचकत नाही. मोटारपंप, ट्रॅक्टर, लांबचे फटाके, अंधारातली टॉर्च या सगळ्यांची ओळख याच वयात व्हावी. दिवसभर साखळीला बांधलेले पिल्लू रात्री धीट होत नाही.

सर्वात मोठा धोका जाणत्या कुत्र्याच्या संगतीचा. सुरुवातीच्या काही रात्री ती उपयोगी पडते, कारण वास आणि वाटा पिल्लू त्याच्याकडूनच शिकते. पण ती लांबली की पिल्लू फक्त साथ द्यायला शिकते. प्रस्तुत लेखकाच्या वावरात असेच एक पिल्लू म्हाताऱ्या कुत्र्यामागे वाढले. म्हातारा गेल्यावर पहिल्यांदा डुकरे तुरीत शिरली, तेव्हा ते माळ्याखाली येऊन उभे राहिले : कान मागे, शेपूट पायांत, तोंडातून आवाज नाही. अमेरिकेत रॅकून झाडावर चढवून तिथेच भुंकत राहणारे कूनहाउंड पाळणारेही हेच सांगतात. जो तरुण कुत्रा कायम दुसऱ्याच्या मागे धावतो, तो स्वतः माग काढत नाही. त्यामुळे तेही पिल्लाला लवकरच एकटे सोडतात.

एकटे सोडण्याची सुरुवात दिवसा करावी. नाल्याकाठी डुकरांनी उकरलेली ओली माती आणि खोडाला घासलेला चिखल सापडला की तिथे थांबावे, पिल्लाला हुंगू द्यावे आणि गप्प राहावे. आपल्याकडे ‘छू’ करण्याची सवय फार. ‘छू’वर वाढलेला कुत्रा पुढे ‘छू’चीच वाट पाहतो. पुढे चांदण्या रात्री पिल्लाला एकटेच धुऱ्यावर फिरू द्यावे. ते भुंकले की लगेच धावू नये, थोडे थांबून टॉर्च घेऊन जावे. खरोखर जनावर असेल तर मान थोपटावी. काही नसेल तर रागावू नये, शाबासकीही देऊ नये, मुकाट्याने परतावे. खोटे भुंकणे यानेच कमी होते. दर वेळी मदतीला पळणारा मालक कुत्र्याला परावलंबी करतो.

वर्षाच्या आतले पिल्लू मोठ्या सुळ्याच्या डुकरापुढे किंवा पिल्लांसोबतच्या मादीपुढे कधीही नेऊ नये. एकदा मार खाल्ला की बसलेली भीती सहजी जात नाही. सुळ्याची जखम वरून बोटभर आणि आत खोल असते. हळद भरून पट्टी बांधली तर आत पू धरतो. जनावरांच्या डॉक्टरकडेच न्यावे.

शेजारी बोर व्याघ्र प्रकल्प आहे आणि बिबट्याला कुत्रा सोपे भक्ष्य वाटते. बिबट्या नरडे धरतो, म्हणून धनगर आपल्या कुत्र्यांना खिळ्यांचा पट्टा घालतात. जागलीच्या कुत्र्यालाही तो घालावा. लहान पिल्लू रात्री माणसाजवळच झोपवावे. लसीकरण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करावे आणि तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस द्यावी. डिस्टेंपर हा रोग कुत्र्यांकडून रानातल्या जनावरांपर्यंत पोहोचतो. १९९४ मध्ये सेरेंगेटीतले सुमारे हजार सिंह त्याने मेले.

एकटा फिरणारा कुत्रा वाटेत सापडलेले खातोही. रानात डुकरांसाठी बारुदाचे गोळे ठेवलेले असतात, ते चावले की जबडा उडतो. घरच्या भांड्याबाहेरचे न खाण्याची शिस्त पिल्लूपणीच लावावी. शेजारच्या कुंपणाला सौर झटका मशीन आहे की थेट विजेची तार, हे आधी विचारून घ्यावे. थेट तार असेल तर कुत्रा मोकळा सोडू नये आणि महावितरणला लगेच कळवावे. त्या तारेला चिकटून माणसेही मरतात.