बलून पडला कुठं, हे कोण सांगणार?

प्रश्न : आमच्या शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलांना हेलियमच्या बलूनला खोकं बांधून ते 30 किलोमीटर उंच पाठवायचं आहे. खोक्यात कॅमेरा असेल. ते परत सापडेल कसं? आत चालू मोबाइल ठेवून त्याचं लोकेशन पाहिलं तर भागेल ना? काही जण ‘हॅम रेडिओवाल्यांना गाठा’ म्हणतात. त्याची खरंच गरज आहे का?
— एक शिक्षिका, जत (जि. सांगली)

उत्तर : गरज आहे, आणि खरं तर सगळ्यात आधी त्यांनाच गाठा. बलून, गॅस, पॅराशूट या गोष्टी पैसे मोजले की मिळतात. खोकं परत मिळणं मात्र ऐकणाऱ्या माणसांवर अवलंबून असतं.

मोबाइलनं भागणार नाही. टॉवरवरचे अँटेना जमिनीच्या बाजूला किंचित झुकवून बसवलेले असतात, कारण बोलणारी माणसं खालीच असतात. काही किलोमीटर वर गेलं की फोनच्या जोडणीचा भरवसा उरत नाही. शिवाय उंचावरच्या फोनला एकाच वेळी कितीतरी टॉवर दिसतात आणि त्यानं नेटवर्कचाही गोंधळ होतो. खाली आल्यावर फोन पुन्हा जागा होईल, पण तो ज्या रानात पडेल तिथं रेंज असायला हवी. दुसरा आधार म्हणून फोन जरूर ठेवा, एकमेव आधार म्हणून नको.

रेडिओला उंचीची मदतच होते. 30 किलोमीटर उंचीवरून क्षितिज सुमारे 600 किलोमीटर लांब असतं. म्हणजे जतच्या डोक्यावर पोचलेला तुमचा बलून मुंबई, हैदराबाद आणि बंगळूर या तिन्ही शहरांतल्या मोकळ्या गच्चीवरून सरळ रेषेत असेल. मध्ये डोंगर नाही, इमारत नाही. त्यामुळे प्रक्षेपक अगदी क्षीण असला तरी चालतो. ब्रिटनमधले हौशी लोक कित्येक वर्षं 434 मेगाहर्ट्‌झवर जेमतेम 10 मिलिवॉटचे प्रक्षेपक उडवत आले. तिथल्या हॅम परवान्यात हवेतून प्रक्षेपण बसत नव्हतं, म्हणून त्यांनी विनापरवाना चालणारी ही जागा निवडली. अक्षरं सेकंदाला पाच-सहाच्या संथ गतीनं पाठवली, तर एवढ्याशा शक्तीवरही शेकडो किलोमीटरवरून संदेश वाचता येतो.

हॅम म्हणजे सरकारी परीक्षा देऊन परवाना घेतलेले, हौसेनं रेडिओ चालवणारे लोक. त्यांची एपीआरएस नावाची पद्धत आहे, अमेरिकी नौदल अकादमीतल्या बॉब ब्रुनिंगा यांनी उभी केलेली. खोक्यातला जीपीएस जागा आणि उंची मोजतो. छोटा प्रक्षेपक ती माहिती आपल्या कॉलसाइनसह, म्हणजे परवान्यासोबत मिळणाऱ्या ओळखीच्या अक्षरांसह, दर मिनिटाला वगैरे पाठवतो. ज्यांच्या घरी यंत्रणा लावलेली असते ते हॅम ती ऐकतात, इंटरनेटवर चढवतात, आणि नकाशावर ठिपका सरकत जातो. जमिनीवर एका गावचा संदेश पुढच्या गावानं उचलून पुन्हा पाठवावा अशीही सोय यात आहे. बलूनसाठी ती बंद ठेवतात किंवा अगदी कमी वापरतात. तो इतक्या लांबवर ऐकू जातो, की सगळीच केंद्रं एकदम त्याची री ओढू लागली तर इतरांना बोलायला जागाच राहणार नाही. आपल्याकडे अशी ऐकणारी केंद्रं विरळ आहेत. म्हणून मार्गावरच्या दोन-तीन शहरांतल्या हॅमना आधी फोन करून वेळ ठरवा, आणि पाठलागाच्या गाडीतही रिसीव्हर ठेवाच.

एक खोच मात्र आत्ताच सांगतो, कारण ती कळते तेव्हा बलून वर असतो. अनेक साधे जीपीएस रिसीव्हर 18 किलोमीटरच्या वर जागा सांगणं थांबवतात. क्षेपणास्त्रांत वापर होऊ नये म्हणून ही जुनी मर्यादा घातलेली आहे. विकत घेताना त्यात उंच उड्डाणाचा मोड आहे का ते विचारा, आणि तो मोड चालू केला आहे का ते सोडण्यापूर्वी पुन्हा तपासा. बॅटरीही अल्कलाइन नको, लिथियमचे सेल घ्या. आपल्या आकाशात 16-17 किलोमीटरवर उणे 75 ते 80 अंश तापमान असतं, आणि थर्माकोलचं खोकं तेवढी थंडी पूर्ण अडवत नाही.

आता उड्डाण. जमिनीवर दोन मीटर व्यासाचा बलून 30 किलोमीटरवर आठ मीटरचा होतो, कारण तिथं हवेचा दाब जमिनीवरच्या सुमारे एक टक्काच असतो. मग रबर फाटतं. सेकंदाला पाच मीटरनं चढला तर वर जायला शंभर मिनिटं लागतात, उतरायला त्याच्या निम्म्याहून कमी. गॅस जास्त भरला तर बलून लवकर फुटतो. कमी भरला तर न फुटता तरंगत राहू शकतो, आणि मग कुठं जाईल याचा अंदाज करता येत नाही. गॅस तोलून भरणं हे सगळ्यात नाजूक काम आहे. ते घाईत करू नका.

पडण्याची जागा आधीच बऱ्यापैकी काढता येते. केंब्रिज विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला अंदाज-कार्यक्रम वाऱ्याचे अंदाज घेऊन मार्ग आखतो. हिवाळ्यात तुमच्याकडे वरचे वारे पश्चिमेकडून येतात, म्हणजे खोकं विजयपूरच्या अंगाला जाईल. पावसाळ्यात 14-15 किलोमीटरवर पूर्वेकडून जोराचा झोत वाहतो आणि तो बलूनला सह्याद्रीच्या, समुद्राच्या दिशेनं ढकलतो. तेव्हा हिवाळाच धरा. आणि खोक्यावरची चिठ्ठी मराठीबरोबर कानडीतही लिहा : आत धोकादायक काही नाही, हा शाळेचा प्रयोग आहे, या नंबरवर कळवा. अनोळखी पेटी पाहून घाबरलेल्या शेतकऱ्याला ती ओळ फार उपयोगी पडते.

शेवटचा टप्पा सगळ्यात अवघड. खोकं जमिनीजवळ आलं की टेकडीआड जातं आणि लांबच्या केंद्रांना ऐकू येईनासं होतं. शेवटचा ठिपका जमिनीपासून काहीशे मीटर वरचा असतो. तिथून पुढं गाडीतून उतरून, हातात एकाच दिशेनं जास्त ऐकणारा यागी अँटेना घेऊन, आवाज कुठून जोरात येतो ते शोधत चालायचं. हॅम मंडळींना याचा सराव असतो, त्यांच्याकडे याच्या स्पर्धाही होतात.

परवानगीशिवाय बलून सोडू नका. विमानांच्या वाटेतून तो जाणार असतो. हवाई वाहतूक नियंत्रक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय आणि पोलीस यांच्याशी काही महिने आधी पत्रव्यवहार सुरू करा. हवेतून प्रक्षेपण करायचं आहे हेही परवाना देणाऱ्या खात्याला स्पष्ट कळवून लेखी संमती घ्या.

प्रश्न : यातून खरं विज्ञान होतं का, की नुसते गोल पृथ्वीचे फोटो?
— एक पालक, नाशिक

उत्तर : होतं. कोल्हापुरात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर उंच हवेत जिवाणू शोधण्याच्या ज्या प्रयोगात सहभागी होते, तो बलूनचाच होता. 2001 आणि 2005 मध्ये हैदराबादच्या टीआयएफआर केंद्रावरून मोठे प्लास्टिकचे बलून सोडून 20 ते 41 किलोमीटर उंचीवरच्या हवेचे नमुने आणले गेले. 2005 च्या नमुन्यांत जिवाणूंच्या तीन नव्या प्रजाती मिळाल्या. ते अवकाशातून आले असं सिद्ध झालेलं नाही, पण तिथं जिवाणू सापडले हे मोठंच आहे.

शाळेच्या खोक्यात कॅमेऱ्याऐवजी किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर ठेवा, असं मी आग्रहानं सांगेन. उंची वाढेल तसे ठोके वाढत जातात आणि साधारण 15 ते 20 किलोमीटरच्या दरम्यान कमाल गाठून पुन्हा कमी होतात. विश्वकिरण हवेवर आदळून नव्या कणांचा वर्षाव करतात, त्याचा भर त्या थरात असतो. रेगनर आणि फोट्झर या जर्मन शास्त्रज्ञांनी 1930 च्या दशकात हे मोजलं. तोच आलेख नववीच्या मुलांनी स्वतः काढावा, यापरता भौतिकशास्त्राचा चांगला तास मला ठाऊक नाही.

प्रश्न : मी नववीत आहे. मला हॅम होता येईल का?
— एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : नक्की. वय 12 पूर्ण हवं, ते तुझं आहेच. केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाकडे अर्ज करून एएसओसी परीक्षा द्यायची. रिस्ट्रिक्टेड दर्जासाठी मोर्स लागत नाही, आणि त्या दर्जाचे कॉलसाइन व्हीयू 3 नं सुरू होतात. अभ्यास चालू असताना पीव्हीसी पाइप आणि लोखंडी मेजपट्टीचे तुकडे वापरून 144 मेगाहर्ट्‌झची यागी बनव. एखाद्या परवानाधारक काकांना मैदानात कुठंतरी प्रक्षेपक लपवायला सांग आणि तो शोधून काढ. प्रक्षेपणाचं बटण मात्र त्यांनीच दाबायचं.