एका तुलनेची कैफियत

आमच्या श्रवणमंडळाच्या बैठकीत ‘तुरांदोत’च्या माझ्या जुन्या ध्वनिमुद्रिकेविरुद्ध जो निकाल देण्यात आला तो ज्या पुराव्यावर आधारलेला होता तो पुरावाच मुळात सदोष होता, आणि हे त्याच संध्याकाळी सर्वांसमक्ष सिद्ध करून देण्याची माझी तयारी असताना मला ती संधी नाकारण्यात आली, म्हणून मंडळाच्या इतिवृत्तात जिची नोंद झाली नाही ती बाजू येथे तपशीलवार मांडणे मला अगत्याचे वाटते. मनातला सल बोलून दाखविणे हाही त्यातील एक हेतू आहे, तो मी लपवीत नाही. परंतु जुन्या तबकड्या आणि त्यांच्या नवसंस्कारित आवृत्त्या, ज्यांना आता सर्रास रीमास्टर म्हणतात, यांच्या तुलनेत पुष्कळांचा पैसा आणि त्याहून अधिक जणांची श्रद्धा गुंतलेली असते, आणि अशा बैठकीला आपली तबकडी घेऊन जाणाऱ्यास काय काय पाहून घेतले पाहिजे हे त्याला आधी कोणी तरी सांगावयास हवे.

ध्वनिमुद्रण सर्वांच्या परिचयाचे आहे. मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी १९७२ साली लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंदासह पुच्चिनीचा हा अखेरचा, अपुरा राहिलेला ऑपेरा डेका कंपनीसाठी मुद्रित केला. रंगमंचावर ही भूमिका कधीच न केलेल्या जोन सदरलँड त्यात तुरांदोत झाल्या, पाव्हारोत्ती कालाफ, काबाये लिऊ, आणि वृद्ध सम्राट आल्तूमच्या चिमुकल्या भूमिकेसाठी पीटर पिअर्स यांच्यासारखा थोर गायक योजण्यात आला. ध्वनियंत्रणेवर केनेथ विल्किन्सन होते. त्यांच्या कामाची खूण अशी की, ऐकणाऱ्यास गायकांची केवळ डावी-उजवी जागाच नव्हे, तर कोण पुढे उभा आहे आणि कोण मागे, हेही कळावे.

बैठकीच्या संयोजकांनी यंत्रसामग्री स्वतःची आणली होती, आणि नवसंस्कारित प्रतही स्वतःचीच. ती कोणत्या फितीवरून, कोणत्या साली, कोणी तयार केली याचा खुलासा त्यांनी केला नाही आणि मागितला तेव्हाही दिला नाही. असे संच परदेशातून मागवून सभासदांना विकण्याचा त्यांचा लहानसा व्यवहार आहे, ही गोष्ट मंडळात सर्वांस ठाऊक असूनही त्या संध्याकाळी कोणालाही उच्चारावीशी वाटली नाही. प्रथम माझी तबकडी लावण्यात आली, नंतर त्यांची प्रत. पहिल्या अंकातील जनसमुदायाचा गलका त्यांच्या प्रतीत असा काही अंगावर आला की लोक खुर्चीत सावरून बसले, आणि माझी तबकडी त्यापुढे दुबळी ठरली हे मीही नाकारीत नाही. मग दुसरा अंक आला. सम्राट आल्तूम उंच पायऱ्यांच्या टोकावर, सिंहासनावर, जराजर्जर होऊन बसलेला आहे. त्याचा स्वर दुरून, क्षीण, जवळजवळ निष्प्राण असा यावा, ही पुच्चिनीची योजना आहे आणि पिअर्स यांनी ती जिवापाड सांभाळली आहे. माझ्या तबकडीवर तो तसाच, कालाफच्या पुष्कळ मागून, आला होता. संयोजकांच्या प्रतीत तोच सम्राट कालाफच्या शेजारी, तितक्याच आवाजात, माझ्या खांद्याशी येऊन बोलू लागला. आणि त्या क्षणी सारा प्रकार माझ्या ध्यानात आला. हळू आवाज वर उचलून आणि मोठा आवाज खाली दाबून दोहोंमधले अंतर कमी करण्यात आले होते, आणि त्यावर कडी म्हणजे सबंध प्रत माझ्या तबकडीपेक्षा कितीतरी मोठ्याने वाजत होती.

मी उठून तसे बोललो. त्यावर संयोजकांनी जे उत्तर दिले ते मला शब्दशः आठवते: “काका, व्हॉल्यूमच्या नॉबला मी हातसुद्धा लावलेला नाही.” हे ते निःपक्षपाताचा दाखला म्हणून सांगत होते आणि सभासद माना डोलवीत होते! नॉब न हलविणे हाच तर येथे अन्याय आहे. सीडी वाजविणारे यंत्र पूर्ण आवाजाला साधारण दोन व्होल्टचा संकेत देते. तबकडीचा संकेत फोनो-वर्धकातून आला तरी पुष्कळदा त्याच्या कितीतरी खालीच राहतो. तेव्हा नॉब एकाच जागी ठेवून दोन्ही ऐकवणे म्हणजे एका गिऱ्हाइकाला सपाट माप आणि दुसऱ्याला शीग लावलेले माप घालून दोघांचे धान्य तोलण्यासारखे आहे. मी दोन्हींचा आवाज समान करून तोच उतारा पुन्हा ऐकविण्याची विनंती केली. “तुमचे कान खरखरीला सवकलेत,” असे म्हणून ते हसले, वेळ संपल्याचे सांगितले, आणि हात वर करवून मते मोजण्यात आली. पुढे मी लिहिलेल्या पत्राला उत्तर आले ते असे की, मीटर लावून ऐकणे हे संगीतप्रेमी माणसाचे लक्षण नव्हे. चाळीस-पन्नास वर्षे ज्याने संगीतच ऐकले त्याला हे ऐकविले जावे, याचे दुःख अजून गेलेले नाही.

अशा तुलनेस बसणाऱ्याने पहिली अट घालावी ती आवाज समान करण्याची. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनापासून हे सिद्ध आहे की हळू आवाजात मानवी कानाला खर्ज फारच कमी ऐकू येतो, आणि आवाज वाढविला की तोच स्वर अधिक भरीव भासतो. म्हणून दोन प्रतींमध्ये अर्ध्या-एका डेसिबलचा फरक असला तरी ऐकणारा त्याला मोठा आवाज न म्हणता सरसपणा म्हणतो. स्पीकरच्या तारांवर साधा व्होल्टमीटर लावून मोजणे उत्तम. ते न जमल्यास फोनवरील मापकाने निदान ढोबळ समानता साधावी. ऑपेराच्या बाबतीत एक युक्ती मला फार उपयोगी पडली आहे: सर्वांत मोठ्या आवाजाचा समूहगानाचा उतारा घेऊन दोन्ही प्रती तेथे समान कराव्यात आणि मग नॉबला स्पर्श न करता सर्वांत हळू उतारा ऐकावा. ‘तुरांदोत’मध्ये त्यासाठी पहिल्या अंकातील चंद्रोदयाची वाट पाहणारे समूहगान घ्यावे. तेथे नवी प्रत जुनीपेक्षा स्पष्टपणे मोठी वाजली, तर आवाजाचा उतारचढाव कापण्यात आला आहे असे खुशाल समजावे; विक्रेत्याची जबानी घेण्याची गरज उरत नाही.

दुसरी गोष्ट, आपल्या हातातील तबकडी कोणती हे आधी नक्की करावे, कारण जुने वेष्टन हा जुन्या तबकडीचा पुरावा नव्हे. डेकाच्या स्टीरिओ तबकड्यांवर शेवटच्या खाचेपलीकडच्या गुळगुळीत पट्टीत झेड-ए-एल या अक्षरांनी आरंभ होणारा क्रमांक कोरलेला असतो. त्याच्या अखेरीचा आकडा लॅकर, म्हणजे जिच्यावरून साचे निघतात ती मूळ चकती, कितव्यांदा कापली ते सांगतो आणि त्यापुढचे अक्षर कापणाऱ्या तंत्रज्ञाचे असते. याशिवाय साच्याचा क्रमांक बकिंगहॅम या नावाच्या इंग्रजीतील दहा अक्षरांत लिहिलेला सापडतो: बी म्हणजे १, यू म्हणजे २, आणि असेच अखेरच्या एमपर्यंत, जो शून्यासाठी आहे. १९८० मध्ये पॉलिग्रामने डेका घेतल्यानंतर तबकड्या हॉलंडमध्ये छापल्या जाऊ लागल्या. तेव्हा ‘मेड इन हॉलंड’ लिहिलेली प्रत पहिली आवृत्ती म्हणून कोणी पुढे केली तर निमूटपणे परत करावी. उलट, अमेरिकेत डेका हे नाव दुसऱ्या कंपनीकडे असल्याने तिकडे ‘लंडन’ या नावाने गेलेले संच बहुतांशी इंग्लंडमध्येच, त्याच साच्यांवरून छापलेले आहेत, आणि नावाची भुरळ नसल्यामुळे ते पुष्कळदा स्वस्त मिळतात. माझ्या संग्रहातील काही उत्तमोत्तम प्रती याच जातीच्या आहेत.

तसाच पंचनामा रीमास्टरचाही व्हावा. जॉर्ज शॉल्टी यांनी १९५८ ते १९६५ या काळात व्हिएन्नाच्या सोफियेनसालमध्ये मुद्रित केलेली वाग्नरची ‘रिंग’ हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. तिचे १९९७ साली जे डिजिटल रूपांतर झाले त्यात खरखर काढण्याची प्रक्रिया वापरण्यात आली होती. २०१२ चा भव्य संच त्याच रूपांतरावर आधारलेला होता, आणि २०२२ मध्ये मात्र मूळ फितींवरून सर्व काम पुन्हा नव्याने करण्यात आले. तिन्ही ‘रीमास्टर’च, परंतु दुसऱ्याची मजल पहिल्याच्या पलीकडे जाऊ शकत नाही, आणि तिसरा हा माझ्या मते कोणत्याही जुन्या तबकडीला जड जाणारा आहे. म्हणून कोणती फीत, कोणत्या वर्षीचे रूपांतर आणि खरखर काढली किंवा नाही, हे तीन प्रश्न विचारल्याविना एक रुपयाही देऊ नये. खरखरीबरोबर सभागृहही पुसले जाते हे लोक विसरतात. किंग्जवे हॉलखालून भुयारी रेल्वे जात असे आणि तिची घरघर तेथील कित्येक ध्वनिमुद्रणांत उतरली आहे. ती काढू गेल्यास खर्जातील वाद्येही तिच्याबरोबर छाटली जातात. ती वास्तू आज उभी नाही. तिचा घुमारा जेथे उरला आहे ती जागा म्हणजे या फिती आणि या तबकड्या, आणि तेथे वाटेल तसा हात चालविण्याचा अधिकार कोणालाही नाही, असे मला अंतःकरणापासून वाटते.

मोनो तबकड्यांचा प्रश्न निराळा आहे. १९५३ साली मिलानच्या ला स्काला येथे व्हिक्तोर दे साबाता यांच्या संचालनाखाली कॅलास, दी स्तेफानो आणि गोब्बी यांनी मुद्रित केलेली ‘तोस्का’ मोनोच आहे, आणि पुढील काळात तिला कृत्रिम स्टीरिओचे रूप देणाऱ्या ज्या आवृत्त्या निघाल्या त्या घेऊ नयेत. मूळ तबकडी स्टीरिओ कार्ट्रिजवर ऐकावयाची झाल्यास वर्धकावरील मोनोची कळ दाबावी. मोनो खाचेत संगीत केवळ आडव्या कंपनात असते, उभ्या कंपनातून सुई निव्वळ धूळ आणि झीज वाचते, आणि कळ दाबताच ती बव्हंशी नाहीशी होते. ‘जुन्या तबकड्या खरखरतात’ असे म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी ही कळ दाबून पाहिली असेल? तिसऱ्या अंकाच्या आरंभी रोमच्या प्रभातकाळच्या घंटा आहेत. प्रत्येक टोला पूर्ण विरेपर्यंत ऐकू येतो की मध्येच तुटतो, यावरून रीमास्टर करणाऱ्याचा हात कळतो.

नव्याचे जे श्रेय आहे ते मी देतो. तबकडीच्या कडेशी सुईखालून खाच सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने जाते, तर मध्याजवळ अवघ्या २१ च्या आसपास. त्यामुळे एखाद्या बाजूच्या अखेरीस जेव्हा समूह आणि वाद्यवृंद एकदम उसळतात तेव्हा तबकडीवर स्वर करकरतो, आणि तेथे चांगले रीमास्टर निर्विवाद श्रेष्ठ ठरते. हे मी त्या बैठकीतही सांगणार होतो.

बाकीच्या गोष्टी सर्वांना माहीत असतात आणि सर्वच विसरतात: तबकडी धुतलेली असावी, सुई झिजलेली नसावी, फिरण्याचा वेग तपासलेला असावा, कारण एक टक्का वेग वाढला तरी स्वर अर्ध्या स्वराच्या सहाव्या हिश्शाने चढतो आणि गळा अधिक तेजस्वी वाटू लागतो. कोणती प्रत वाजते आहे हे ऐकणाऱ्यास कळू देऊ नये. आणि आपली तबकडी दुसऱ्याच्या सुईखाली देण्यापूर्वी सुईचा भार काट्यावर मोजून घ्यावा. दीड-दोन ग्रॅम पुरतात, त्याहून बराच अधिक निघाल्यास तबकडी पिशवीत परत घालावी आणि भीड बाळगू नये. मी काटा खिशात घेऊन गेलो होतो. “इथे सगळे ओळखीचेच आहेत,” असे म्हणून तो मला लावू दिला नाही. आता लिऊच्या पहिल्या विनवणीवर जी चरचर ऐकू येते ती त्या संध्याकाळपूर्वी नव्हती, आणि तीन वेळा धुऊनही ती गेलेली नाही. मंडळाच्या अध्यक्षांकडे फेरतपासणीचा अर्ज दिला आहे; आवाज समान करून, पडद्याआड, तोच दुसरा अंक पुन्हा ऐकविण्यात यावा एवढीच त्यात मागणी आहे. या वेळी मात्र टर्नटेबल माझे असेल, आणि बैठकही माझ्या घरी.