मुलांच्या निबंधात मुलांचा आवाज



निबंधाच्या वह्या तपासताना एक गोष्ट नेहमी जाणवते. चाळीस वह्यांत चाळीस सकाळी 'रम्य' असतात आणि सगळ्या पक्ष्यांचा 'किलबिलाट' असतो. शुद्धलेखन बरं असतं, पण नाव झाकलं तर वही कुणाची ते ओळखता येत नाही. मूल लिहितं, पण त्याचा आवाज ऐकू येत नाही.

आवाज म्हणजे काय, हे समजायला आपल्या उचगावहून फार लांब जायला नको. महामार्गानं पुढे गेलं की कागल. डॉ. आनंद यादव तिथले, जन्म १९३५ चा. त्यांची 'गोतावळा' ही कादंबरी १९७१ साली आली. ती शेतावरचा गडी नारबा स्वतः सांगतो, तीही सगळी त्याच्याच बोलीत. मळ्यात ट्रॅक्टर येतो आणि त्याच्या जिवाभावाची जनावरं एकेक करून जातात. हे दुःख पुस्तकी भाषेत सांगितलं असतं, तर ते नारबाचं राहिलं नसतं. पुढे १९८७ च्या 'झोंबी'त यादवांनी स्वतःच्या शिक्षणाची झटापट लिहिली. तिथे निवेदन बरंचसं प्रमाण मराठीत आहे, माणसं मात्र बोलीत बोलतात. या पुस्तकाला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

लेखक एकच, भाषेची ठेवण दोन, आणि दोन्ही त्याच्याच. म्हणजे आवाज फक्त बोलीत नसतो. आपण काय पाहिलं आणि त्यासाठी आपल्याकडे कोणता शब्द आहे, यात तो असतो.

आता वर्गातलं एक उदाहरण घेऊ. विषय 'गुऱ्हाळघर'. मूल लिहितं :

"आधण उतरताना आबा कुणालाबी जवळ येऊ देत न्हाईत."

आपण लाल पेनानं सुधारतो :

"गूळ तयार होत असताना आजोबा सर्वांना दूर थांबण्यास सांगतात."

वाक्य शुद्ध झालं, पण आधण गेलं, आबा गेले आणि काहिलीची धगही गेली. शिवाय घरातली भाषा चुकीची असते, हे मूल न सांगता शिकलं. पुढच्या वेळी ते गाईड उघडेल.

त्याऐवजी एवढंच करावं :

"आधण उतरताना आबा कुणालाच जवळ येऊ देत नाहीत. ते ओरडतात, 'लांब सरका, पोळंल!'"

व्याकरण परीक्षेला चालेल असं झालं, आणि वाक्य मुलाचंच राहिलं.

वर्गात हे करून बघा :

१. आधी तोंडी सांगू द्या, मग जसं सांगितलं तसं लिहू द्या. या फेरीत लाल पेन बंद.
२. दुसऱ्या फेरीत विरामचिन्हं, काळ, ऱ्हस्व-दीर्घ सुधारा. वस्तूंची, कामांची, नात्यांची घरची नावं तशीच ठेवा.
३. माणसं बोलतात तिथे अवतरणचिन्हात बोली राहू द्या.
४. शेवटी विचारा, "यातलं कोणतं वाक्य दुसऱ्या कुणालाच सुचलं नसतं?" त्याखाली रेघ मारायला सांगा.

एक सावधगिरी मात्र हवी. फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलानं उगीच 'हाय', 'न्हाई' पेरलं, तर तेही उसनंच. त्याला बंद पडलेली लिफ्ट आणि पाण्याचा टँकर लिहू द्या.

पालकांनी घरी निबंध सांगून लिहवून घेऊ नये. "आज काय बघितलंस?" एवढं विचारावं, आणि ऐकावं.