सदनिकेतील लहान कुत्रा : भाच्यास पत्र

परतवाडा, जि. अमरावती

चिरंजीव भाच्यास,

सदनिकेत लहान जातीचा कुत्रा पाळण्याचा चिरंजीवाचा विचार कळला. विचार चांगला आहे. मात्र कुत्रा लहान असला म्हणून त्याची जबाबदारीही लहान असते, असे मानणे चुकीचे ठरेल. अंगणातला कुत्रा सावली, सोबत आणि शौचाची जागा स्वतः शोधून घेतो. बंद दाराआडच्या कुत्र्याला हे सर्व माणसाच्या हातूनच मिळते, म्हणून घर किती मोठे आहे हे पाहण्याआधी घरातली माणसे त्याला रोज किती वेळ देऊ शकतील, हे ठरवावे लागते.

जात निवडताना वऱ्हाडचा उन्हाळा प्रथम ध्यानात घ्यावा. येथे पारा अनेकदा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो आणि कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून, म्हणजे जलद श्वासाने तोंडातील व जिभेवरील ओलावा उडवून, शरीरातील उष्णता बाहेर टाकतो. पग किंवा शिह त्झू यांसारख्या चपट्या तोंडाच्या जातींचा श्वसनमार्ग अरुंद असल्याने त्यांची ही क्रिया अपुरी पडते आणि उष्माघाताचा धोका वाढतो. डॅक्सहुंडची पाठ लांब असल्यामुळे दिवाणावरून मारलेल्या उड्यांनी त्याच्या मणक्यांमधील चकती सरकू शकते. सर्रास पॉमेरियन म्हटला जाणारा इंडियन स्पिट्झ (१९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’ मधील टफी हा कुत्रा याच जातीचा होता) या हवेत बरा टिकतो, परंतु तो भुंकरा असल्याने त्याला लहानपणापासून वळण लावावे लागते. कोणतीही जात असो, कुत्र्याला ऊन चढण्यापूर्वी आणि सायंकाळी डांबर निवल्यावरच फिरवावे, आणि गॅलरीत बांधून किंवा बंद मोटारीत ठेवून कधीही जाऊ नये.

शौचाची सवय मारून लागत नाही, वेळा पाळून लागते. पिल्लू झोपून उठले, जेवले किंवा खेळून थांबले की त्याला लगेच ठरलेल्या जागी न्यावे आणि तेथे काम उरकल्यावर शाबासकी द्यावी. घरात घाण केल्यावर त्याचे नाक त्यात घासल्याने ते केवळ माणसाला भिऊ लागते.

आहाराबाबत वऱ्हाडी घराने विशेष सावध असावे, कारण येथील रस्सा आणि झुणका कांदा-लसणाशिवाय होत नाहीत, आणि कांदा व लसूण हे दोन्ही कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतात. चॉकलेट, द्राक्षे व मनुकाही त्याला विषारी ठरतात, तर शिजवलेल्या कोंबडीची हाडे फुटून आतड्यात रुतू शकतात.

रेबीज हा लाळेतून पसरणारा विषाणुजन्य रोग आहे आणि लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळजवळ नेहमीच जीव घेतो. लुई पाश्चर यांनी १८८५ मध्ये माणसावर त्याची लस प्रथम यशस्वीपणे वापरली, त्यामुळे आज हा रोग टाळणे शक्य असताना लस चुकवणे अक्षम्य आहे. पिल्लू साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर त्याला ही लस द्यावी आणि पुढे पशुवैद्यकाने सांगितलेल्या वेळी ती पुन्हा द्यावी. पार्व्हो व डिस्टेंपर यांच्या लसी त्याआधीच सुरू होतात. कोणालाही चावा किंवा ओरखडा बसल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ दवाखाना गाठावा. गोचिडांमुळे रक्ताचे आजार होतात, म्हणून कान आणि बोटांमधील जागा रोज तपासावी. आजार गुंतागुंतीचा असल्यास अकोल्यातील स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था या भागाला जवळची आहे.

शेजाऱ्यांच्या बाबतीत कायदा कुत्रा पाळणाऱ्याच्या बाजूचा आहे. प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियम १९६० चा असून, त्याखाली स्थापन झालेल्या भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला बहुमतानेही कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. तरीही हक्क सांगणाऱ्याने जिन्यातली आणि रस्त्यावरची घाण स्वतः उचलावी, लिफ्टमध्ये कुत्र्याचा पट्टा आखूड धरावा आणि त्याला भिणाऱ्या मुलांना व वृद्धांना आधी वाट द्यावी. शेजाऱ्यांचा सलोखा अशा वागण्यानेच टिकतो.

लहान कुत्रा बारा ते पंधरा वर्षे जगतो. तेवढ्या काळात शिक्षण, नोकरी, लग्न आणि बदली यांपैकी बरेच काही घडेल, आणि त्या प्रत्येक वेळी त्याची सोय आधी लावावी लागेल. ही तयारी मनापासून असेल तरच चिरंजीवाने पिल्लू घरी आणावे. नसेल तर न आणणे हेच त्याच्यावरचे खरे प्रेम ठरेल.

मामाचे आशीर्वाद.